मी सांगितलं, मागचा रस्ता बंद आहे

संपादकांनी फोनवर आधीच बजावलं, "मॅडम, लोक फराळ करता करता वाचतात. विषय जरा जपून." मी म्हटलं, माझ्या नोकरीतलं जपून सांगण्याजोगं पाच ओळींत संपतं. बाकी सगळं शौचाचं आणि रक्ताचं आहे, चालत असेल तर लिहिते. ते म्हणाले, लिहा. तेव्हा ज्यांच्या हातात आत्ता करंजी आहे त्यांनी ती आधी संपवून घ्यावी.

मी नर्स होते. वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात माझी हयात गेली. माझे वडील दुसऱ्यांच्या म्हशी राखायचे आणि आईला सही येत नव्हती. आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंगचा कागद काचेत बसवून मी समोरच्या खोलीत ठोकला आहे. माझी सून म्हणते, आई, आता तिथं एखादं चित्र लावू. मी म्हणते, हेच चित्र आहे.

नोकरीच्या शेवटच्या बारा-तेरा वर्षांत मी 'पिशवीवाली सिस्टर' होते. हे काम मी मागून घेतलं नाही, कोणीच घेत नव्हतं म्हणून माझ्याकडे आलं. एका मोठ्या शहरात काही महिने शिकून आले, आणि आल्यावर बाकीच्या सिस्टर माझ्या शेजारी डबा उघडायला कचरू लागल्या.

काम काय, ते सरळ सांगते. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर झाला की डॉक्टर तो भाग कापून काढतात. मग आतड्याचं वरचं टोक पोटाच्या कातडीतून बाहेर आणून तिथंच शिवतात. लाल, ओलं, डाळिंबाच्या फुलासारखं तोंड दिसतं ते. शौच तिथून येतं. त्याला थोपवून धरता येत नाही, कारण त्या तोंडाला आवळून धरणारा स्नायू नसतो. म्हणून त्यावर पिशवी चिकटवायची, भरली की रिकामी करायची, चार-पाच दिवसांनी बदलायची. पिशवीची जी चकती कातडीला चिकटते, तिला भोक बरोबर त्या तोंडाच्या मापाचं कापायचं, कमी नाही, जास्त नाही. मालेगावच्या बाजारात बियाणं विकणारे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "सिस्टर, मी नजरेनं तूर मोजतो, हे काय मोजायचं." नजरेनं भोक कापलं. आठ दिवसांत पोटाची कातडी सोलून निघाली, तेव्हापासून ते गृहस्थ खिशात मापाची पट्टी ठेवू लागले.

अनसिंगकडचे एक गुरुजी वर्गात पोटानं आवाज केला की जोरात पाढे म्हणायला लावायचे. पोरं इतकी हुशार, की पुढं पुढं आवाज आला की न सांगता तेराचा पाढा सुरू करायची. गुरुजी मला म्हणाले, "माझ्या वर्गाचे पाढे सगळ्या केंद्रात पक्के, आणि कारण फक्त तुम्हाला ठाऊक."

अशी माणसं खूप. त्यांच्यावर लिहिलं असतं तर संपादकही खूश झाले असते. पण हे लिहायला बसले ती वच्छलासाठी.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करते, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. मला सोपं करून सांगता येतं याचा मला फार अभिमान होता. डॉक्टर चित्रं काढून दाखवायचे, माणसं माना हलवायची आणि बाहेर येऊन मला विचारायची, काय म्हणले? मी एका वाक्यात सांगायची. शिकलेली असून आपल्यासारखं बोलते, असं लोक म्हणायचे. त्याची मला चटक लागली होती.

वच्छला मालेगावजवळच्या एका वस्तीवरची. घरी दहाएक एकर, नवरा प्रल्हाद, सासू, आणि धाकटी जाऊ सिंधू. वय सेहेचाळीस. नागपूरला तिचं ऑपरेशन झालं. कॅन्सरचा तुकडा काढला, वरचं टोक डाव्या बाजूला पोटावर आणलं, आणि खालचा गुदाशयाचा बुंधा आतल्या बाजूनं शिवून जागेवरच ठेवला. पुढं सगळं ठीक निघालं तर परत जोडता येईल, म्हणून. किमो संपल्यावर ती माझ्याकडे पिशवीचं शिकायला आली. तिसऱ्या खेपेला माझ्यापेक्षा गोल भोक कापू लागली. म्हणाली, "सिस्टर, पुरनपोळी लाटनाऱ्या बाईले गोल काय शिकोता?"

महिनाभरानं प्रल्हाद एकटाच आला आणि माझ्या टेबलाजवळ घुटमळत उभा राहिला. "सिस्टर, तुमी एकडाव घरी येऊन मायले समजावून सांगा. वच्छली जेवून नाही राह्यली."

गेले. मालेगावपर्यंत बसनं, पुढं त्याच्या गाडीवर. वच्छला ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती. जवळ तिचं वेगळं ताट, वेगळा तांब्या. सासू वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिनं मला पाट दिला, चहा दिला.

"मी काही तिले टाकून बोलत नाही," ती म्हणाली. "पन पोटावर घान बांधून चुलीपाशी? देवाचा सयपाक होते तिथं."

"मावशी, तुमचं पोट काय रिकामं आहे? तुमची पिशवी आतून आहे, तिची बाहेरून. एवढाच फरक."

सिंधू पदराआड हसली. सासूही हसली, पण हटली नाही. "ते खरं व बाई. पन मांगूनही काही सांडत असन. बसल्या जागी, उठल्या जागी. कोनाले ठाव?"

मी म्हटलं, "मागचा रस्ता बंद आहे. आतून टाके घातले आहेत. तिकडून आता काही येत नाही. सगळं पिशवीत, आणि पिशवीतून वाससुद्धा बाहेर येत नाही. सांगा मला, आता येतोय का?"

हे खरं नव्हतं. टाके आतल्या टोकाला होते, बाहेरचं तोंड होतं तसंच उघडं होतं. तो बुंधा जिवंत असतो. त्यातून शौच येत नाही, पण शेंबडासारखं चिकट पाणी सुटत राहतं, ते अधूनमधून बाहेर पडतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. वच्छलाला अंगावरून माहीत होतं, तिनंच मला दवाखान्यात सांगितलेलं होतं. मी बोलले तेव्हा तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी नजर सासूवरच ठेवली.

सासूनं दोनदा विचारलं, "बंद हाय न? पक्कं?"

"पक्कं."

"मंग काही नाही. शिकलेली बाई खोटं कायले बोलन." आणि तिथल्या तिथं म्हणाली, "सिंधे, हिचं ताट आत ने."

परतताना गाडीवर माझी छाती फुगलेली होती. एका वाक्यात एका बाईला तिची चूल परत मिळवून दिली. डॉक्टरांना जमलं नसतं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांना त्यांनी मला जेवायला बोलावलं. आंबील, सोळा भाज्या, पुरण, सगळं वच्छलाच्या हातचं. ती वाढत होती, वाकत होती, शेजारणींना दटावत होती. मला वाढताना कानाशी म्हणाली, "पोट भरून जेवा, सिस्टर. तुमच्याच तोंडचं हाय हे." मी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या.

ऑपरेशनला वर्ष झालं की नागपूरला दाखवायचं ठरलेलं होतं. खालच्या बुंध्यात दुर्बीण घालून पाहतात, ते तिथंच होतं. प्रल्हाद मला म्हणाला, "तुमी तं दर महिन्याले पाहूनच देता. मंग इतक्या दूर कायले जायचं?" मी त्याला रागावायला हवं होतं. मला ते कौतुक वाटलं. सोयाबीन निघालं की जाऊ, असं तो म्हणाला, आणि मी बरं म्हटलं.

त्याच सुमारास वच्छला एक दिवस पिशव्या न्यायला आली आणि म्हणाली, "सिस्टर, माही पाळी पुन्हा सुरू झाली."

किमोत पाळी थांबते. वय पन्नाशीच्या आत असलं तर कधीकधी परत येते. मला आनंदच झाला. म्हटलं, अंग भरून आलं तुझं. रक्त फार जातं का, विचारलं. "जाते कदी कदी." चेहरा पांढुरका दिसत होता म्हणून आमच्या डॉक्टरांकडून तपासणी करवली. हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. मी तिला टेबलावर घेतलं, पोटावरचं तोंड पाहिलं. लाल, ओलं, कातडी स्वच्छ. शाबास म्हटलं आणि लुगडं सारखं केलं. कंबरेच्या खाली पाहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. इतक्या वर्षांत मी माणसांची पोटंच पाहत आले होते.

सोयाबीन निघालं, पण नागपूरचं नाव कोणी काढलं नाही, मीही नाही. पुढचे चार-पाच महिने ती येत राहिली. दर वेळी मी विचारायची, पाळी? ती म्हणायची, "चालू हाय." मी लिहून ठेवायची.

मग एकदा तिच्याऐवजी सिंधू आली.

"जाऊबाई बाहेर बसल्या हायेत," ती म्हणाली. त्यांच्या घरी पाळीच्या दिवसांत बाईनं गोठ्याजवळच्या खोलीत बसायचं, चार दिवस कशाला शिवायचं नाही, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं, अशी रीत आहे.

"मागच्या पंधरवड्यातही बाहेर होती ना ती?"

"तवा होत्या. त्याच्या आंधीही होत्या. आता तं आत कमी न बाहेरच जास्त. मीच एकटी थापून राह्यली भाकरी. सासू म्हनते, जाता जाता चेव आला हिच्या पाळीले." सिंधू हसत होती. मला हसू आलं नाही. हातातली पिशवी मी तशीच खाली ठेवली, मोठ्या सिस्टरला सांगितलं आणि सिंधूबरोबर त्याच बसनं निघाले.

वच्छला गोधडीवर पडली होती. मी दार लोटून घेतलं. "कूस बदल. मला पाहू दे."

"पाळी हाय, सिस्टर. शिवता कायले, तुमालेही आंघोय करा लागन."

"करीन. बदल कूस."

तिनं बदलली. कापडाची घडी मागच्या बाजूला धरलेली होती. रक्त मागून येत होतं, ताजं, त्यात गाठी. पुढून काहीच नव्हतं. पाळी आलेलीच नव्हती.

मी तिला स्वच्छ घडी लावून दिली. मग विचारलं, "का नाही सांगितलं मला? मी दर महिन्याला विचारत होते."

"तुमीच तं म्हनल्या होत्या, बंद हाय."

"मी तुझ्या सासूला म्हटलं होतं. तुला माहीत होतं खरं काय ते."

"हो, मालूम होतं." ती भिंतीकडं तोंड करूनच बोलत होती. "पाळी म्हतलं तं चार दिवस बाहेर, पाचव्या दिवशी आत. घरच्यायले तेची सवय हाय. हे सांगतलं असतं तं कोन्या दिवशी आत घेतलं असतं मले? ह्याचा पाचवा दिवस कोनता? न तुमाले सांगतलं असतं, तं तुमी घरी सांगतलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिला नागपूरला नेलं. मी सोबत होते. डॉक्टरांनी बोटानं तपासलं, मग दुर्बीण घातली, तुकडा काढून पाठवला. अशा बुंध्यातून रक्त येण्याची कारणं दोन-तीन असतात. तिथून शौच जात नाही म्हणून आतलं अस्तर सुजतं आणि त्यातूनही रक्त येतं. ते औषधानं आवरतं. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत मी सुजेचाच जप करत होते. रिपोर्टात कॅन्सर आला. शिवलेल्या जागेशी उगवून मागं माकडहाडापर्यंत गेला होता.

डॉक्टरांनी विचारलं, रक्त किती दिवसांपासून? उत्तर मीच दिलं. मग मी त्यांना विचारलं, सुरुवातीलाच आणली असती तर? ते म्हणाले, "तेव्हा आपल्याला बोलायला काहीतरी असतं." मी कोण आहे ते त्यांना माहीत होतं.

परतीच्या प्रवासात वच्छलानं माझा हात धरला. आमच्या इतक्या ओळखीत पहिल्यांदाच. "घरी गाठ पोटात झाली म्हना. रक्त पाळीचंच म्हना. तिकडचं नका सांगू. जे काय चार-सहा महिने हायेत ते मले चुलीपाशी काढू द्या." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

घरी सगळे ओसरीत जमले. शेजारच्या दोघी-तिघीही आल्या. सासूनं विचारलं, "कुठी झाली गाठ?"

पोटात, एवढंच म्हणायचं होतं. पण रस्ताभर मी स्वतःला खात आले होते. एकदा खोटं बोलले त्यातून हे झालं, आता बोलणार नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मी उभी राहून सगळं सांगितलं. मागचा रस्ता बंद नव्हता. मी खोटं बोलले. रक्त तिथूनच येत होतं, पाळी नव्हतीच.

मला वाटलं, सासू मला शिव्या देईल. मी त्यासाठी तयार होते, खरं तर वाटच पाहत होते. ती शांतपणे म्हणाली, "मले मालूम होतं."

प्रल्हाद तिच्याकडं वळला.

"तिची गोधडी काठीनं उचलून वलनीवर टाकनारी मीच न. रक्त कुठी लागते ते मले नाही समजत काय? सात बाळतपनं झाली माही."

"मग बोलल्या का नाहीत, मावशी?"

"काय बोलू? तुमी म्हने बंद हाय. न तिच्याबिगर घर चालत नव्हतं. पोटात ठेवलं मी. पोटात ठेवलं म्हनून ते चाललं. आता तुमी चार बायांत बोलून टाकलं, आता मी काय करू?" आणि सिंधूकडं न पाहता म्हणाली, "हिची पथारी ओसरीत टाक."

हे सगळं इतकी वर्षं माझ्या मनातच पडून होतं. यात नर्सिंगचा धडा आहे तो वाचकांना सरळ देऊन टाकते, म्हणजे माझं ते काम तरी नीट होईल. पोटावर पिशवी असली आणि गुदाशय आत ठेवलेला असला, तर मागून चिकट पडणं नेहमीचं आहे. पिशवी बदलताना लाल तोंड पुसलं आणि दोन ठिपके रक्त लागलं, तेही घाबरण्याचं नाही. पण मागच्या बाजूनं रक्त आलं, थोडं आलं तरी, आणि एकदाच आलं तरी, डॉक्टरला ती जागा दाखवायची. आणि गुदद्वार काढून शिवून टाकलेलं असलं तरी तिथून रक्त दिसलं तर तेच करायचं. सूज आहे की दुसरं काही, ते पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

निवृत्त होईपर्यंत मी मग सगळ्यांना असंच सांगत गेले, घरच्यांच्या समोर, एक शब्द न गाळता. काही घरांत त्यामुळं बायांची ताटं बाहेर आली. काहींनी माझ्याकडं येणंच सोडलं. पूर्वीसारखं कोणी मला जेवायला बोलावलं नाही.

वच्छला ओसरीत पाच महिने होती. मी दर रविवारी जायची. मला कोणी अडवलं नाही, चहाही मिळायचा. सिंधू उंबऱ्याच्या आत भाकरी थापायची आणि वच्छला बाहेरून तिला सांगायची, जाळ कमी कर, कड करपून राह्यली. तिथून तिला चूल दिसत नव्हती, ती वासावरून सांगायची.

एका रविवारी मागच्या बाजूची पट्टी बदलायला बसले आणि न राहवून विचारलं, "वच्छला, राग आहे का माझा?"

ती म्हणाली, "राग कायचा, सिस्टर. तुमी माह्यासाठी खोटं बोलल्या, तवा मले चूल भेटली. मंग तुमच्यासाठी खरं बोलल्या, तवा गेली."

एवढं बोलून तिनं भिंतीकडं कूस बदलली, म्हणजे मला पट्टी करायला जागा व्हावी.